काटा, पू आणि पांढऱ्या पेशी

प्रश्न : कपाशी निंदताना पायात बाभळीचा काटा मोडला. काढला, पण चौथ्या दिवशी तळवा सुजला, ठणका लागला आणि पू धरला. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी १६,८०० आणि त्यांतल्या न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) ८६ टक्के आहेत. रक्ताचा कॅन्सर तर नाही ना? आणि पू घरीच सुईने फोडला तर चालेल का? (वाचक, चोपडा)

उत्तर : पू असताना झालेली ही वाढ बहुधा संसर्गाचीच असते, तेवढ्यावरून कॅन्सरची धास्ती घेऊ नका. मोठ्या माणसाच्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. जखम भरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) पुन्हा करा. आकडा तेव्हाही चढाच राहिला तर तज्ज्ञांना दाखवा. रिपोर्टमध्ये ‘ब्लास्ट’ (अपक्व) पेशी लिहिल्या असतील, तर मात्र थांबू नका.

काट्याबरोबर जंतू आत शिरले की तिथल्या मॅक्रोफेज (ऊतींत पहारा देणाऱ्या) पेशी रासायनिक संदेश सोडतात. जवळच्या बारीक शिरांचे अस्तर त्यामुळे चिकट होते. रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी त्यावर आधी घरंगळतात, मग चिकटतात आणि फटीतून बाहेर पडून संदेश जिथे दाट असेल तिकडे सरकतात. जंतूवर प्रतिपिंडांचा आणि कॉम्प्लिमेंट (रक्तातल्या, संरक्षणाला मदत करणाऱ्या) प्रथिनांचा थर बसलेला असला की पकड पक्की होते. जंतू गिळल्यावर पेशीच्या आत हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते. विहिरीत टाकलेली ब्लीचिंग पावडर जंतू मारते, ती याच आम्लाच्या जोरावर! या झुंजीत न्यूट्रोफिलही मरतात. मेलेल्या पेशी, जंतू आणि विरघळलेली ऊती मिळून पू होतो. त्याची हिरवट झाक याच पेशींतल्या एका विकराची. अस्थिमज्जा रोज सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते, म्हणून हा पुरवठा टिकतो. पेशी जंतूंना गिळून शरीर राखतात, हे रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांना १८८२ साली सुचले, तेही तारामाशाच्या अळीत काटे टोचून पाहताना. पुढे १९०८ साली त्यांना नोबेल मिळाले.

आता घोडे अडते कुठे? काट्याचा तुकडा आत राहिला, तर एवढी मोठी वस्तू कोणत्याच पेशीला गिळता येत नाही. लाकडी काटा एक्स-रेत बहुधा दिसत नाही, सोनोग्राफीत सापडू शकतो. पूभोवती भिंत धरली की आत रक्त पोहोचत नाही, म्हणून गोळ्याही पुरेशा पोहोचत नाहीत. डॉक्टरांकडून चीर देऊन निचराच करून घ्या. सुईचे छिद्र लगेच बुजते आणि दाबल्याने पू खोल जातो. हळद-चुन्याचा लेपही नको, चुन्याने कातडी भाजते. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन घेऊन ५ वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्या. साखर तपासा, ती वाढलेली असेल तर या पेशींची हालचाल आणि मारकशक्ती दोन्ही मंदावतात. पायावर लाल रेघ चढली किंवा हुडहुडी भरून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : वडिलांना दम्यासाठी प्रेडनिसोलोन चालू आहे. ताप नाही, तरी पांढऱ्या पेशी १४,००० कशा? (वाचक, शहादा)

उत्तर : या औषधाने शिरांच्या अस्तराला चिकटलेल्या न्यूट्रोफिल पेशी सुटून वाहत्या रक्तात येतात, म्हणून आकडा फुगतो. पण ऊतींमध्ये त्या कमी उतरतात, म्हणजे संरक्षण उलट घटते आणि तापही दबू शकतो. वाढता खोकला, रंग बदललेला कफ किंवा सुस्ती दिसली, तर ताप नसला तरी डॉक्टरांना दाखवा. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका.