ब्लूथनर पियानोत चौथी तार कशासाठी असते? कंपनी अजून त्याच घराण्याकडे आहे का?

चौथी तार नाद भरण्यासाठी असते, आणि हो, कंपनी आजही ब्लूथनर घराण्याचीच आहे. वरच्या सप्तकांतल्या तारा आखूड, त्यामुळे सूर कोरडा पडतो. म्हणून युलियुस ब्लूथनर यांनी १८७३ मध्ये ‘अलिक्वोट’ रचनेचं पेटंट घेतलं. हातोडी एका सुराच्या तीन तारांवर पडते. चौथी त्यांच्यापेक्षा किंचित वर बसवलेली असते, तिला हातोडी लागत नाही, ती नुसत्या अनुनादाने झंकारते. सतारीच्या तरफा आठवा, तेच तत्त्व! मात्र ही तार ग्रँड पियानोत असते, उभ्या पियानोत शोधू नका. लाइपझिगमध्ये १८५३ साली सुरू झालेला हा कारखाना १९७२ मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने ताब्यात घेतला होता. जर्मनीच्या एकीकरणानंतर तो पुन्हा घराण्याकडे आला.