आमची लाडकी गावठी कोंबडी खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसू पाहते आहे. तिला अंड्यांवर बसवावे का?

कळपात कोंबडा असेल आणि अंडी आठवड्याच्या आतली असतील, तर अवश्य बसवावे. पसरट टोपलीत भाताचा पेंढा घालून, अंधार पडल्यावर १०-१२ अंडी तिच्या पोटाखाली हलकेच सरकवावीत. एरवी हातातले दाणे टिपणारी कोंबडी या दिवसांत पिसे फुलवून चोच मारते, त्याचा राग धरू नये. २१ दिवस ती जेमतेम दिवसातून एकदा उठते, म्हणून दाणापाणी जवळच असावे. सातव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरल्यास फलित अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. कोरी अंडी काढून टाकावीत. पिल्लांना पहिल्या आठवड्यातच मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस द्यावी आणि घार-मुंगसापासून जपण्यासाठी डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) ठेवावे.