गिअरबॉक्स अजून उघडू नका

सांगलीचे एक वाचक लिहितात: गेल्या 9 नोव्हेंबरला पुण्याच्या एका डीलरकडून 2014 ची ऑटोमॅटिक गाडी 4 लाख 85 हजारांना घेतली. इंजिन-गिअरबॉक्सला सहा महिन्यांची लेखी वॉरंटी आहे. दहाव्या दिवसापासून सकाळी लिव्हर 'पी' (पार्क) वरून 'डी' (ड्राइव्ह) वर घेतला की गाडी दोन-तीन सेकंद जागची हलत नाही, मग हिसका देते. आता तर गरम झाल्यावर इंजिन नुसतंच रेझ होतं, वेग वाढत नाही. डीलर पाच महिने 'आणा, बघू' म्हणून टोलवतोय. मिरजेच्या गॅरेजवाल्याने ऑइल बदललं, स्कॅनर लावून चेक लाइट घालवला, फरक शून्य. आता तो गिअरबॉक्स खोलायचं म्हणतोय. खोलू का, आणि पैसे परत मिळतील का?

खोलू नका. अशी पत्रं नेहमी येतात, आणि बहुतेक वेळा ती खोलून झाल्यावर येतात. तुम्ही आधी विचारलंत, एवढंच काय ते शहाणपण.

वॉरंटीच्या कागदाचा फोटो तुम्ही पाठवलाय, पण त्यातलं सातवं कलम तुम्ही वाचलेलं दिसत नाही. 'आमच्या लेखी परवानगीशिवाय अन्यत्र गिअरबॉक्स उघडल्यास वॉरंटी रद्द.' तुमची सगळी केस या एका ओळीवर उभी आहे. मिरजेत नेमकं काय झालं? खालचा ड्रेन प्लग काढून ऑइल सोडलं असेल, तर त्याला 'उघडणं' म्हणता येणार नाही, असं मी ठामपणे मांडेन. पण फिल्टर बदलायला खालचं पॅन (ऑइल साठणारी तळाची ताटली) उतरवलं असेल, तर डीलरचा वकील त्यावरच नाचेल. गॅरेजवाल्याकडून आजच्या आज तारीख आणि किलोमीटर घालून लिहून घ्या: काय केलं, काय केलं नाही.

जुनं ऑइल कुठंय? फेकलंत. जळकट वासाचं, काळं पडलेलं ऑइल म्हणजे आतल्या क्लच प्लेटी आधीपासून घासत होत्या याची खूण. दहा रुपयांच्या बाटलीत भरून, दोन साक्षीदारांच्या सह्यांची चिठ्ठी लावून ठेवलं असतं तर आज कामी आलं असतं. आणि तो चेक लाइट! गाडीचा कंप्युटर बिघाडाचा जो कोड नोंदवतो, त्याबरोबर त्या क्षणाचा वेग, आरपीएम, तापमान असं सगळं साठलेलं असतं. लाइट घालवताना तेही पुसलं गेलं. आजार बरा झाला नाही, केसपेपर मात्र फाडलात.

सुदैवाने खरा बिघाड असेल तर कोड पुन्हा येतो. तो आला की गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये न्या आणि न पुसता छापील रिपोर्ट मागा, त्यावर चॅसिस नंबर, तारीख, किलोमीटर हवेत. नुसता पी-0700 दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की ट्रान्समिशनच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या, कंप्युटरने काहीतरी नोंदवलंय; नेमकं काय, ते साध्या स्कॅनरला बहुधा दिसत नाही. सोलेनॉइड (ऑइलचा प्रवाह उघडबंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), वायरिंग की क्लच, यावर खर्च किती पटीने बदलतो ते मेकॅनिक सांगेलच. कोर्टात मात्र कारण सांगता आलं पाहिजे. तिथेच या गाडीची जुनी सर्व्हिस हिस्टरीही मागा. विक्रीआधीच्या एखाद्या जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या नोंदीच्या कागदावर) 'डीमध्ये टाकताना जर्क' अशी तक्रार सापडली, तर मग डीलरला बोलायला जागा कमी उरेल. कोड आल्यावर गाडी चालवू नका. न्यायची तर ड्रायव्हिंग चाकं उचलून किंवा फ्लॅटबेडवर. रस्त्यावरून ओढत नेलीत तर उरलासुरला गिअरबॉक्सही जाईल, आणि खापर तुमच्यावरच फुटेल.

दुसरी गोष्ट तारखेची. वॉरंटी 8 मेला संपते. त्याआधी डीलरला स्पीड पोस्टाने आणि ईमेलने लेखी तक्रार गेलीच पाहिजे: लक्षणं, पहिल्यांदा कधी दिसली, आणि 'सात दिवसांत दुरुस्त करा किंवा अन्यत्र उघडायची लेखी परवानगी द्या'. वकिलाची नोटीसच हवी असं नाही. व्हॉट्सॲपवरचं 'आणा, बघू' ठेवा, फोन बदलू नका. पण पाच महिने तेवढ्यावर काढायला नको होते.

बाकीचं माझ्याच्याने छातीठोकपणे सांगवत नाही. अकरा-बारा वर्षांच्या गाडीत झीज असणारच, आणि झीज म्हणजे दोष नव्हे. दुरुस्तीचा खर्च मिळण्याची शक्यता मला बरी वाटते, पूर्ण किंमत परत मिळण्याची कमी. पावती डीलरच्या नावाची आहे ना, तेही पाहा. नुसती दलालीची पावती असेल तर तो 'मी मध्यस्थ' म्हणून हात वर करेल.

तक्रार सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार राहतो तिथे ती सोय दिली आहे. किंमत 5 लाखांच्या आत, म्हणून शुल्क नाही. मुदत दोन वर्षं, आणि ती नोटिसा पाठवत बसल्याने वाढत नाही. त्याच कायद्याच्या कलम 38 खाली आयोगाकडे गाडीच्या तपासणीचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. तपासणी लागणारी प्रकरणं पाच महिन्यांत संपवावीत असं तोच कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तोवर तुमच्या गाडीचा विमा दोनदा भरून झालेला असेल. म्हणून डीलरने लेखी दुरुस्ती देऊ केली तर माझ्या मते घ्या. फक्त काढलेले सुटे भाग परत मागा आणि ते फोटो काढून पिशवीत ठेवा, ऑइलसकट.