ऑक्टोबरातलं कार्ड

प्रश्न : ताई, नमस्कार. मी इंदूरची, सुदामानगरची. सध्या मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत कनेक्टिकटला आले आहे. इथल्या मराठी मंडळाचा गणपती एका एपिस्कोपल, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन पंथाच्या, चर्चच्या हॉलमध्ये बसतो. त्या ओळखीतून मुलगी आणि जावई चर्चच्या जेवणावळीला, बाजाराला मदत करायला जातात. परवा त्यांना चर्चकडून पत्र आलं आणि सोबत एक कार्ड. पुढच्या वर्षभरात तुम्ही किती देणार तो आकडा लिहून पाठवा, असा मजकूर. वर मोठ्या अक्षरात ‘स्टुअर्डशिप’. गणपतीची वर्गणी मला कळते, पण पुढच्या वर्षाची वर्गणी या ऑक्टोबरातच कशी मागतात? लिहून दिलं आणि जमलं नाही तर? शिवाय आम्ही ख्रिस्तीही नाही. जावई म्हणतात लिहू या, मला मात्र धाकधूक वाटते.

उत्तर : धाकधूक आधी काढून टाका. ते कार्ड म्हणजे हुंडी नव्हे. २०१६ आणि २०१९ अशा दोन पानगळी मी कनेक्टिकटलाच मुलाकडे काढल्या, आणि दोन्ही वेळा तिथल्या चर्चच्या खजिनदारबाईंच्या मागेमागे होते. इथे इंदूरला छावणीकडच्या आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, मी अकरा वर्षं खजिनदार होते. कुणाची वही उघडी दिसली की माझी मान आपोआप तिकडे वळते. मी पाहिलेल्या कार्डांवर तळाशी लिहिलेलंच होतं, की परिस्थिती बदलली तर कळवा, आकडा बदलून घेऊ. नोकरी गेली, आजारपण आलं, तर एक फोन करायचा. कारण कुणी विचारत नाही आणि वसुलीला दारात कुणी येत नाही.

आता ऑक्टोबरच का? त्यांचं हिशेबाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. उन्हाळाभर निम्मी माणसं गावाबाहेर असतात. सप्टेंबरचा पहिला सोमवार, ज्याला ते लेबर डे म्हणतात, तो उलटेपर्यंत शाळा सुरू होतात, माणसं परततात आणि चर्चचे बाक भरायला लागतात. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात कार्डं जमवायची, एका रविवारी ती वेदीपाशी नेऊन ठेवायची, प्रार्थना करायची, आणि त्या आकड्यांवरून व्हेस्ट्रीने पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मांडायचं. व्हेस्ट्री म्हणजे सभासदांनी निवडून दिलेली पंच कमिटी. तिच्यात दोन वॉर्डन, म्हणजे मुख्य पंच, असतात. बैठकीला तिथले पाळक, म्हणजे रेक्टर, बसतात. पण छप्पर गळायला लागलं की झोप उडते ती वॉर्डनांची.

खर्च कसला, असं मनात आलं असेल. खजिनदारबाईंनी मला कागद दाखवला होता. पाळकांचा पगार, आणि त्यावर १८ टक्के त्यांच्या पेन्शन फंडात. त्यांचा आरोग्यविमा, जो तिकडे भल्याभल्यांना घाम फोडतो. बिशपांच्या कार्यालयाला द्यायचा वाटा, ऑर्गनची दुरुस्ती, बर्फ उपसणाऱ्याचे पैसे. आणि गरम करण्याचं तेल! दगडी इमारत, उंच छत, बाहेर उणे दहा. तुमच्या मंडळाचे गणपती ज्या हॉलमध्ये बसतात तोही त्याच तेलावर तापतो. सरकार चर्चला पैसा देत नाही. मग हे सगळं पेलायचं ते बाकांवर बसणाऱ्यांनी.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. मुलाने मला वुडबरी नावाच्या गावातलं एक जुनं लाकडी घर दाखवायला नेलं होतं. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध संपत असताना, १७८३ साली, तिथे दहा पाद्री गुपचूप जमले आणि त्यांनी सॅम्युअल सीबरी यांना बिशप म्हणून निवडलं. सीबरी इंग्लंडला गेले, पण तिथल्या बिशपांना अभिषेकासाठी राजनिष्ठेची शपथ हवी होती. राजाशी नुकतंच लढलेल्या देशातला माणूस ती घेणार कशी? शेवटी स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबरडीनला, १४ नोव्हेंबर १७८४ रोजी, त्यांचा अभिषेक झाला. तोपर्यंत तिथल्या पाद्र्यांच्या पगाराला लंडनच्या मिशनरी सोसायटीचा हातभार असे. देश स्वतंत्र झाला आणि तो हात आखडला गेला. मग अनेक चर्च बाकांच्या भाड्यावर चालत. हो, बाकांचं! पैसेवाल्या घराने पुढचा बाक वर्षाच्या भाड्याने घ्यायचा आणि गरिबाने मागे बसायचं. काही जुन्या चर्चमध्ये अजून त्या बाकांना बुटकी दारं आणि नंबराच्या पट्ट्या दिसतात. मी हात लावून पाहिल्या. पुढे ती लाज गेली आणि तिच्या जागी ही कार्डं आली. आता ज्याचा आकडा लहान तोही पुढे बसतो. म्हणून कार्डाकडे मी तरी प्रेमाने बघते.

‘स्टुअर्डशिप’ला आपल्या मराठी बायबलातला शब्द सरळ आहे, कारभारी. धनी दुसरा, आपण सांभाळणारे. इंदूरच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. अहिल्याबाईंनी राज्य शंकराच्या पायाशी ठेवलं आणि आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी ‘श्री शंकर’ लिहिलं. खासगीचा पैसा वेगळा, दौलतीचा वेगळा. राजवाड्यावरून जाताना मला कधीकधी वाटतं, की त्या खजिनदारबाईंना एकदा इथे आणून हे सांगायला हवं होतं.

पण ते कार्ड एकटं वाचू नका. त्याच्या आगेमागे दोन महिने काय काय चालतं ते बघा, तेव्हा त्यातला आकडा कळेल. ४ ऑक्टोबर हा संत फ्रान्सिसचा दिवस. त्याच्या जवळच्या रविवारी लोक आपापली जनावरं घेऊन अंगणात येतात आणि पाळक एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. मी गेले त्या वर्षी चौदा कुत्री, पेटीत बसून कुरकुरणारी मांजरं, आणि एका मुलीच्या हातात बरणीतला मासा. पाळकांनी बरणीवर हात ठेवला. मला नगरचा पोळा आठवला. आजोबांचा शेजारी बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावायचा, आणि आम्ही ख्रिस्ती असूनही पुरणपोळीचं ताट आमच्याकडे यायचंच.

मग पानं. मेपल आणि ओकची पानं रंगतात तेव्हा फोटो काढायला सगळे पुढे असतात, पण ती गळून पडल्यावर चर्चच्या आवारात गुडघाभर साचतात. एका शनिवारी दहा-पंधरा जण दाताळी घेऊन येतात, कागदी पोत्यांत पानं भरतात आणि नंतर सूप-पाव खातात. कार्डावर तुम्हाला पैशाच्या रकान्याखाली वेळ आणि हुन्नर असे आणखी दोन रकाने दिसतील. ते याच कामांसाठी. एक निवृत्त प्लंबर होते. त्यांनी पैशाच्या रकान्यात फार काही लिहिलं नसणार, पण वर्षभर चर्चचा एकही नळ गळला नाही.

१ नोव्हेंबरच्या आसपास सर्व संतांचा सण, आणि त्यात वर्षभरात गेलेल्यांची नावं मोठ्याने वाचतात. २०१९ साली मी माझ्या यजमानांचं नाव चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून दिलं होतं. वाचणाऱ्या बाईंनी आडनाव पार मोडून टाकलं. तरी डोळ्यांत पाणी आलंच.

नोव्हेंबरात चर्चचा बाजार. तिथे मी शंकरपाळे केले. चार डॉलरची एक पुडी. अंडं आहे का, बदाम-काजू आहेत का, असं सोळा जणांनी विचारलं. शेवटी मुलाने पुठ्ठ्यावर लिहून लावलं. साडेबारापर्यंत परात रिकामी. आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. त्याआधी गरजू घरांसाठी डबाबंद भाज्या, बटाटे, टर्की यांच्या टोपल्या भरतात. तुमच्या मुलीला चर्चची मदत करायचीच असेल तर हे सगळ्यात सोपं. नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीने दोन डबे ठेवले तरी पुरे.

निळी खोकी दिसली का तुम्हाला? पुठ्ठ्याची, मुठीएवढी. १८८९ पासून तिथल्या बायकांनी चालवलेली पद्धत आहे. दिवसात काही बरं घडलं, की एक नाणं त्यात टाकायचं. वसंतात आणि शरदात खोकी गोळा होतात. मला ती बघून आईचा डबा आठवला. नगरला चुलीजवळ तिचा पत्र्याचा डबा असे. भाकरीला पीठ घेताना आधी एक मूठ त्यात, आणि रविवारी ते पीठ चर्चला.

आता तुमचा नेमका प्रश्न. ख्रिस्ती नसताना आकडा लिहावा का? लिहिला नाही तर कुणाला राग येणार नाही. तो हॉल तुमचं मंडळ भाड्याने घेतं, ते देणं तिथेच फिटलं. एपिस्कोपल चर्चच्या सर्वसाधारण सभेने १९८२ साली दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, हे देण्याचं किमान प्रमाण मानलं. पण तो सभासदांनी आपल्या मनाशी करायचा हिशेब आहे. तुमच्या जावयांच्या पगाराची स्लिप कुणी मागणार नाही. त्यांना मनापासून द्यायचं असेल तर वर्षाचा आकडा लिहिण्याऐवजी एकदाच काहीतरी द्यावं, किंवा वेळेच्या रकान्यात ‘पानं गोळा करू’ असं लिहावं. बाळ लहान असताना वर्षभराचा शब्द देऊ नये, हे मी खजिनदार म्हणून नाही, दोन मुलांची आई म्हणून सांगते. आणि एका वेळी २५० डॉलर किंवा जास्त दिले तर चर्चकडून लेखी पोच घ्यायला विसरू नका. कर वजावटीला ती लागते.

प्रश्न : एपिस्कोपल आणि आपल्याकडचं सीएनआय एकच का? (एक वाचक, विजयनगर)

उत्तर : एक नाही, चुलतभावंडं म्हणा. एपिस्कोपल म्हणजे बिशपांच्या देखरेखीखालचं. सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला जन्मलं. अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट अशा निरनिराळ्या घरांची मंडळी त्यात एकत्र आली. बिशप आपल्याकडेही आहेत. दोन्ही चर्च जगभरच्या अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, कुटुंबात धरली जातात, म्हणून मला तिकडे प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, कुणी अडवलं नाही.

प्रश्न : ताई, एकदा बोलताना तुम्ही म्हणाला होता, की तिकडची कार्डपद्धत तुम्ही आपल्या मंडळीत आणून पाहिली. पुढे काय झालं? आमच्या कॉलनीच्या मंडळाचा मी सचिव आहे. गणपतीच्या आठ दिवस आधी चंद्यासाठी दारोदार फिरून आता कंटाळा आलाय. (स्नेहलतागंज)

उत्तर : आपटले मी त्यात. ऐकाच.

२०१७ साली मोठ्या उत्साहाने कार्डं छापून घेतली, हिंदीत, कारण आमची रविवारची भक्ती हिंदीत असते. चौऱ्याऐंशी घरांत वाटली. परत आली एकोणीस. त्यातल्या सहांवर नाव नव्हतं, आणि एकावर नुसतं ‘प्रभू जाणतो’ असं लिहिलेलं. प्रभू जाणतो, पण मी अंदाजपत्रक कशावर मांडू? नंतर एका बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की तुमची कमिटी म्हणजे चाळणी आहे, आज लिहिलेला आकडा उद्या छप्पन दुकानवर पोहे खाताना ऐकू येईल. खोटं नव्हतं ते. तिकडे आकडे एक-दोन माणसांनाच माहीत असतात. काही ठिकाणी तर पाळकांनाही सांगत नाहीत. आमच्याकडे कार्डं सगळ्या कमिटीसमोर उघडली गेली, आणि उघडणारी मीच होते. कार्ड अमेरिकेहून आणलं, तोंड बंद ठेवण्याची सवय आणायची राहिली.

पण त्याच वर्षी आमच्या कापणीच्या सणाने मला वाचवलं. माळव्यात सोयाबीन निघालं की हा सण. लोक भोपळे, मका, घरची अंडी, लोणच्याच्या बरण्या घेऊन येतात आणि भक्तीनंतर लिलाव होतो. त्या वर्षी एक भोपळा साडेतीनशेला गेला. घेणाऱ्याने तो परत मंडळीला दिला. पुन्हा लिलाव, पाचशे. पुन्हा परत. पाचव्या फेरीला एका रिक्षावाल्या भावाने तो अकराशेला घेतला, आणि घरी नेऊन खरोखर भाजी केली. सगळे हसत होते, आकडा सगळ्यांसमोर होता आणि लाज कुणालाच वाटत नव्हती.

आपल्या माणसाला बंद कार्डापेक्षा उघडा लिलाव रुचतो, असं माझं मत झालंय. पण भोपळ्यावर वीजबिल भरता येत नाही, तेव्हा तुमच्या मंडळासाठी मधला मार्ग सुचवते. कार्ड वाटू नका. दिवाळीनंतर, गणपतीच्या नऊ-दहा महिने आधी, मागच्या वर्षाचा जमाखर्च एका कागदावर छापून घरोघर द्या. मांडव किती, मूर्ती किती, ढोल किती, शिल्लक किती. त्याच कागदावर पुढच्या वर्षाचा अंदाज लिहा, आणि दरमहा थोडं द्यायला तयार असलेल्या दहा घरांशी आधी तोंडी बोला. दहाच. त्यांचे आकडे एकाच माणसाजवळ ठेवा, आणि तो माणूस तुम्ही नसावा, कारण सचिवाला सगळे विचारतात. आमच्याकडे हे काम आता एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे आहे. चार वर्षांत त्यांच्या तोंडून मलाही काही काढता आलेलं नाही, आणि मी प्रयत्न केलेला आहे.