मॅचमेकिंग अनफेअर असेल तर त्याला 'रडीचा डाव' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की ऑनलाइन शूटिंग गेममध्ये मॅचमेकिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार हे ठरवणं, सिस्टीम करते, आणि ती खालच्या सिल्व्हर रँकच्या पोरांसमोर कितीतरी वरचे डायमंडवाले आणून उभे करते, दोन मिनिटांत खेळ खल्लास, तर याला मराठीत 'रडीचा डाव' म्हणता येईल का?

मला विचाराल तर नाही. रडी खेळणारा माणूस आउट झाला तरी 'लागलाच नाही' म्हणून भांडतो, म्हणजे रडी म्हटलं की कोणीतरी लबाडी केलेली असते. इथं समोरच्या टीमने काय केलंय? तुमच्यासारखंच बटण दाबून वाट बघत बसले होते बिचारे. जोड लावली सिस्टीमने.

आणि 'जोड' हाच शब्द इथं हवा. जत्रेच्या मैदानात कुस्त्या जोडताना पंच दोन पोरांना शेजारी उभं करतात, अंगपिंड बघतात, कुठल्या तालमीचा, याआधी कुणाशी लढलाय ते विचारतात, मग कुस्ती ठरते. बरोबरीची निघाली की 'काटाजोड'. आणि जमलीच नाही तर 'विजोड', जो शब्द आपण आता नवरा-बायकोपुरताच ठेवलाय, पण लढतीला तो चपखल बसतो. विजोड मॅच, विजोड लॉबी (लॉबी म्हणजे एका मॅचसाठी जमवलेले खेळाडू), बिनधास्त म्हणा.

'एकतर्फी' मी मुद्दाम घेत नाही कारण तो निकाल सांगतो, काटाजोड लढतसुद्धा एखाद्या दिवशी एकतर्फी होते. विजोडपणा खेळायच्या आधीच असतो आणि मोजताही येतो. बुद्धिबळात खेळाडूची ताकद आकड्यात मांडणारी अर्पाद एलो यांची रेटिंगची पद्धत आहे, फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, १९७० मध्ये घेतली, तिच्या हिशोबात रेटिंगमध्ये २०० चा फरक असला की वरच्याकडून डावांतल्या साधारण ७६ टक्के गुणांची अपेक्षा, ४०० चा असला की ९१ टक्के. बऱ्याच गेम्सचं मॅचमेकिंग असल्याच हिशोबावर चालतं, फक्त रात्री उशिरा ऑनलाइन पोरं कमी असली की ताटकळत ठेवण्यापेक्षा सिस्टीम फरकाची मर्यादा सैल करते आणि जोड बिघडते.

हां, रडी म्हणायचीच असेल तर ती स्मर्फला म्हणा. मुरलेला खेळाडू नवीन अकाउंट काढून नवख्यांत घुसतो, रँक लपवतो आणि पोरांना झोडपतो, ही शंभर टक्के रडी, कारण इथं लबाडी माणसाची आहे. डोटा २ हा ऑनलाइन गेम काढणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२३ मध्ये असली ९०,००० अकाउंट बंद केली होती, मला ते फार बरं वाटलं.

मॅचमेकिंग या नामाला मात्र मी हात लावणार नाही, 'जुळवणी' म्हटलं की स्थळं बघायला निघाल्यासारखं वाटतं. क्रियापद तेवढं आपलं वापरा: 'सिस्टीमने आज जोडच विजोड लावली रे', आणि समोर स्मर्फ निघाला तर 'हा रडी खेळतोय, रिपोर्ट मार'.