रोज सहा सिगारेटी ओढणाऱ्याने मातीची धूळ मनावर घ्यावी का?

तुम्ही विचारलंय ते आधी दोन ओळींत मांडतो. रत्नागिरीजवळ घराच्या पडवीत तुमचं चाक आणि छोटी गॅसची भट्टी आहे, वय चौतीस, दोन वर्षं काम चालू आहे, हाताखाली दोघं आहेत. दिवसाला सहा सिगारेटी होतात. कोणीतरी सिलिकाच्या धुळीवरून घाबरवलं, आणि तुमचं म्हणणं असं की जो आधीच धूर ओढतोय त्याला त्यापुढे धुळीचं काय एवढं? शिवाय हाताखालचे दोघं विड्या ओढतात, त्यांना मास्क लावा म्हणायला आपल्याला तोंड आहे का?

मी कुडाळ तालुक्यातला. आमच्याकडे कुंभारकाम पिढीजात, पावसाळ्यात गणपतीची शाळा (म्हणजे मूर्ती घडवायची जागा), आणि गेली सोळा-सतरा वर्षं मी स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर भाजलेली पक्की भांडी, करतो. चौदा वर्षं सिगारेट ओढली, सोडून नऊ वर्षं झाली. तेव्हा हे डॉक्टरचं उत्तर नाही, दोन्ही धंदे केलेल्या माणसाचं आहे.

सरळ उत्तर पाहिजे असेल तर, हो, तुमच्या आजच्या परिस्थितीत सिगारेट हा मोठा शत्रू आहे. तंबाखू न सोडणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत लोक शेवटी तंबाखूनेच जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ओल्या मातीत, बऱ्यापैकी स्वच्छ जागेत, एकट्यादुकट्याने काम करणाऱ्या कुंभाराला सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग, होणं विरळा. तो रोग मुख्यतः खाणीतल्यांचा, दगड कापणाऱ्यांचा, कारखान्यात कोरडी भुकटी हाताळणाऱ्यांचा. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार तरुण वयात याने गेले. गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्यांचं तेच झालं.

पण तुमच्या प्रश्नातला 'त्यापुढे' हा शब्द मला खटकतो. तुम्ही तराजूच्या एका पारड्यात सिगारेट ठेवलीत, दुसऱ्यात धूळ, आणि जड पारडं बघून हलकं सोडून द्यायला निघालात. ही दोन पारडी वेगळी नाहीतच. दोन्ही एकाच छातीत जातात.

आपल्या श्वासनलिकेला आतून बारीक केसांसारखं अस्तर असतं. ते सतत हलत असतं आणि आत आलेली धूळ चिकट कफात धरून वर ढकलतं, मग आपण ती खाकरून काढतो. माती मळल्यावर संध्याकाळी जो राखाडी कफ पडतो तो याच कामाचा. सिगारेटचा धूर हे केस आधी सुस्त करतो आणि वर्षानुवर्षं ओढलीत तर झडवतो. म्हणजे झाडूवालीला घरी बसवायचं आणि वर अंगणात कचऱ्याची गाडी रिकामी करायची. सिलिका आणि धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा आणि कायमच्या दम्यासारख्या आजाराचा धोका एकेकट्यापेक्षा बराच वाढतो. त्यामुळे सिगारेट ओढणाऱ्याने धूळ जास्तच मनावर घ्यायला हवी, कमी नाही.

आता ही धूळ म्हणजे काय ते. आमचे आबा म्हणायचे, "माती म्हंजे आवस (आई) आपली, तिचो कसलो त्रास?" ओली असेपर्यंत आबांचं खरं होतं. पण मातीत आणि ग्लेझच्या (भांड्यावरच्या काचेसारख्या थराच्या) साहित्यात स्फटिकरूप सिलिका असते, म्हणजे साध्या शब्दांत गारगोटीचा भुगा. ग्लेझमध्ये तर आपण क्वार्ट्झ म्हणून ती मुद्दाम मोजून घालतो. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड धरला, तर त्रास देणारा कण दहा मायक्रॉनच्या आतला, आणि पाचच्या आतला सगळ्यात वाईट. तो डोळ्यांना दिसत नाही. खोलीतली दिसणारी धूळ खाली बसल्यावरही तो तासन् तास हवेत तरंगतो. फुप्फुसाच्या तळाशी पोचला की तिथल्या पेशी त्याला गिळायला बघतात, स्वतः मरतात, आणि तिथे व्रण धरतो. तो व्रण परत जात नाही, त्यावर औषध नाही. अशा छातीला टीबीही लवकर धरतो. या सिलिकेला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे नक्की कर्करोग करणाऱ्यांत, १९९७ सालीच टाकलेलं आहे. तंबाखूचा धूरही त्याच गटात.

मी मास्क लावायचो बरं का. चांगला एन-९५. चहाच्या वेळी तो हनुवटीखाली ओढायचो, मातीच्या हातांनी सिगारेट काढायचो आणि भट्टीच्या बाजूलाच उकिडवा बसून ओढायचो. मास्क गळ्यात आहे म्हणजे आपण काळजी घेतोय, असं मनापासून वाटायचं.

एका जुलैत गंमत झाली. म्हणजे आज गंमत म्हणतो. पाऊस तिरका मारत होता, भट्टीवर पाणी नको म्हणून मी वाऱ्याच्या बाजूची ताडपत्री सोडली, मग दुसऱ्या बाजूचीही. भट्टी रिडक्शनला लावलेली, म्हणजे मुद्दाम हवा कमी करून ज्योत धुरकट ठेवलेली. ज्योत उपाशी ठेवली की कार्बन मोनॉक्साइड तयार होणारच, रिडक्शनचा अर्थच तो. दोन तासांत डोकं ठणकायला लागलं, मळमळलं. मला वाटलं पित्त. आत जाऊन कोकमाचं आगळ पाण्यात घालून प्यायलो, बरं वाटलं (घरात मोकळी हवा होती, आगळाचा काही संबंध नव्हता), आणि परत येऊन भट्टीशेजारी सिगारेट पेटवली. बायकोने येऊन ताडपत्री वर केली नसती तर हे उत्तर दुसऱ्या कोणी लिहिलं असतं.

कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. न ओढणाऱ्याच्या रक्तात तो एक-दोन टक्के जागा अडवतो, रोज पाकीट संपवणाऱ्याच्या रक्तात पाच टक्के किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे ओढणारा माणूस भट्टीपाशी येतो तो आधीच थोडा गुदमरलेला असतो, आणि त्याला सवय असल्यामुळे डोकेदुखीचं काही वाटत नाही. तुमची भट्टी पडवीत आहे म्हणता. पावसाळ्यात तुम्ही काय बंद करता ते एकदा नीट बघा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो मास्कच्या आधी घ्या.

हातांबद्दल कोणी फारसं बोलत नाही, आणि आपल्याकडे विष पोटात जायचा तोच खरा रस्ता आहे. आमचे एक चुलते शाळेत गणपती रंगवायचे. डोळे आखताना ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करायचे. जुन्या ऑइलपेंटच्या पिवळ्या-केशरी छटांत बऱ्याचदा शिशाचे क्षार असत. (घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. चुलत्यांचा काळ त्याच्या फार आधीचा.) आणि मग त्याच रंगाच्या तळव्यावर चुना-तंबाखू मळायची, अंगठ्याने घोटून, दोन टाळ्या मारून, ओठाखाली. शिसं पोटात घालायची याहून सोपी पद्धत कोणी शोधली असेल असं मला वाटत नाही. सन १७०० मध्ये रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने शिशाचं ग्लेझ लावणाऱ्या कुंभारांबद्दल लिहून ठेवलंय की आधी त्यांचे हात थरथरतात, मग लुळे पडतात. चुलत्यांचे हात शेवटी थरथरायचे. ते वयामुळे की रंगामुळे, कोणी तपासलं नाही, तेव्हा मी ते शिशावर लादत नाही. पण आठवतं.

सिगारेटचंही तेच. ग्लेझचा हात, त्या हातात फिल्टर, फिल्टर ओठात. सिगारेटला लागलेली भुकटी जळून धुरातून सरळ आत. तुम्ही शिसं वापरत नसाल, चांगलंच आहे, पण काळ्या रंगासाठी मँगनीज आणि मॅट ग्लेझसाठी बेरियम कार्बोनेट तुमच्या फळीवर असणारच. बेरियम कार्बोनेट म्हणजे उंदीर मारायचं औषध. आणि एक गमतीची गोष्ट. लाल-नारिंगी ग्लेझमध्ये कॅडमियम असतं म्हणून लोक दचकतात, पण तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम ओढून पानात साठवतं. म्हणजे कॅडमियमचा डबा फळीवर न ठेवणारा कुंभार ते खिशात घेऊन फिरत असतो.

काय करायचं? सगळ्यात आधी झाडू फेकून द्या. आमची आई अंगणात आधी पाण्याचा सडा मारायची आणि मग खराटा फिरवायची. धूळ बसवायची अक्कल आपल्या घरांत होती, फरशी आली आणि ती अक्कल गेली. स्टुडिओत तर सडा मारूनही झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं वाळायच्या आत धुवा. वाळलेलं फडकं झटकलं की पुन्हा सगळं हवेत. टेबलफॅन जमिनीकडे तोंड करून लावू नका. कच्चं भांडं वाळल्यावर पॉलिशपेपर मारायची सवय असेल तर ती मोडा आणि अर्धवट ओलं असतानाच स्पंजने काम उरका. गोणीतली भुकटी भिजवताना पाण्यात माती सोडा, मातीवर पाणी ओतू नका. शाडूवाल्यांनाही मी हेच सांगत असतो, तिथे पिशवी उघडली की अख्खी शाळा पांढरी होते. ॲप्रन घरात नेऊ नका, पोरं त्याला मिठी मारतात.

मास्क एन-९५ पुरतो, भुकटी तोलताना आणि ग्लेझ फवारताना. दाढी असेल तर तो बसत नाही, कडेने हवा जाते आणि मग तो नुसता शोभेचा. एप्रिल-मेमध्ये घामाने भिजला की बदला. तोंडाला पंचा गुंडाळून काही होत नाही, त्या कणांना पंचा म्हणजे उघडा दरवाजा. आमच्याकडे फेब्रुवारीपासून मेपर्यंत धूळ जास्त, पावसात भट्टीचा धूर जास्त. काळजीही त्याच क्रमाने घेतो.

सिगारेट सोडायचं मी ठरवलं नव्हतं. मी फक्त दोन नियम लावले होते, ते शिशा-मँगनीजच्या भीतीने. हात साबणाने कोपरापर्यंत धुतल्याशिवाय पाकिटाला हात नाही, आणि ओढायची ती अंगणात, आंब्याखाली, ॲप्रन काढून. चाकावरून उठायचं, ॲप्रन सोडायचा, नळावर जायचं, हात खरवडायचे, बाहेर जायचं, परत येऊन पुन्हा सगळं बांधायचं. दहाच्या चार झाल्या, नुसत्या कंटाळ्याने. उरलेल्या चार मात्र कंटाळ्याने गेल्या नाहीत. त्याला निकोटिनचं च्युइंगगम आणि दोन वेळा हरणं लागलं. सरकारची तंबाखूमुक्तीची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६. मी तेव्हा फोन केला नाही, लाज वाटली. तुम्ही करा.

डॉक्टरकडे जाल तेव्हा 'खोकला आहे' एवढंच सांगू नका. मी कुंभारकाम करतो, कोरडी सिलिका हाताळतो, इतकी वर्षं इतक्या सिगारेटी, असं सगळं सांगा. मी हे पहिल्यांदा सांगितलं नाही, तेव्हा नुसतं कफाचं औषध हातात पडलं. धंदा सांगितल्यावर छातीचा एक्स-रे आणि फुंकायची तपासणी, ती स्पायरोमेट्री, दोन्ही झाल्या. आज त्याचा फायदा असा की माझ्याकडे जुना आकडा आहे. दर दोन वर्षांनी फुंकतो आणि खाली गेला का ते बघतो. तुम्ही चौतिसाव्या वर्षी फुंकून ठेवलंत तर माझ्यापेक्षा चांगला आकडा हाताशी राहील.

राहिला हाताखालच्या दोघांचा प्रश्न. तोंड आहे का म्हणता, तर आहे. विडी त्यांची, पण धूळ तुमची. त्यांनी घरी किती विड्या ओढाव्यात ते तुम्ही सांगू शकत नाही, मीही सांगत नाही, सांगून कोणी ऐकलेलं मी पाहिलं नाही. पडवीतली हवा मात्र तुम्ही त्यांना पगारासोबत देता. ती झाडूने उडवायची की पोछ्याने पुसायची हे मालक ठरवतो, आणि त्यांनी विडी ओढली म्हणून तुमची धूळ माफ होत नाही. माझ्याकडचा एक जण अजून ओढतो. आंब्याखाली एक जांभ्याचा चिरा टाकून ठेवलाय, बाजूला नळ आणि साबण. आधी हात धुतो, मग बसतो. पावसात भिजत बसतो, पण आत येत नाही.