मुंबईत पायी फिरण्याजोगं, पण फारसं कुणी न पाहिलेलं काय आहे?

गेटवे, मरीन ड्राइव्ह, एलिफंटा सगळं झालंय आणि हाताशी एकच रविवार आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग हार्बर लाइनने डॉकयार्ड रोडला उतरा. मुंबईकराला समुद्र म्हटलं की चौपाटी आणि मावळतीच आठवते. पण ज्या समुद्राने हे शहर पोसलं तो पूर्वेला, बंदराच्या भिंतींआड आहे. म्हणूनच तिकडे कुणी फिरकत नाही.

पहाटे उठवत असेल तर आधी भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य म्हणजे हे 'भाऊ'. धक्का त्यांनी बांधला. बोटींवरून बर्फासकट मासळीच्या पाट्या वर येतात आणि जागेवरच लिलाव पुकारला जातो. कुणाची मान कधी हलली आणि सौदा कधी झाला, ते बघणाऱ्याला कळतसुद्धा नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नेमका मधोमध उभा. "ओ साहेब, घ्यायचं नाय तर बाजूला व्हा!" ही आरोळी माझ्यासाठीच होती. पांढरे बूट घालून जाऊ नका. माझे पुन्हा पांढरे झाले नाहीत.

उजाडलं की स्टेशनकडे परत या आणि शेजारचीच टेकडी चढा. वर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. हे 'काका' बाप्टिस्टा म्हणजे टिळकांचे सहकारी आणि 1916 च्या होमरूल लीगचे अध्यक्ष. इथे पूर्वी माझगावचा किल्ला होता, तो 1690 मध्ये सिद्दी याकूतखानाने पाडला. किल्ल्याचं आता काही दिसत नाही. बघायचं ते खाली: गोदीतल्या क्रेन, बांधणीला लागलेली जहाजं आणि पलीकडे खाडी.

दक्षिणेला गोद्या दिसतात, त्याच बाजूच्या तेव्हाच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 14 एप्रिल 1944 ला 'फोर्ट स्टिकिन' जहाज पेटलं आणि त्याचे स्फोट झाले. पोटात कापूस, दारूगोळा आणि सोनं, सगळं एकत्र! आजी तेव्हा मांडवीला राहायची. ती म्हणायची, आधी वाटलं जपान्यांनी बाँब टाकला. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान त्यात मारले गेले. देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्याच आठवणीत. सोन्याच्या विटा पुढे कित्येक वर्षं गाळ उपसताना सापडत राहिल्या.

टेकडी उतरून म्हातारपाखाडीत शिरा. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, नाक्यावर क्रूस. ही ईस्ट इंडियन लोकांची वस्ती. पश्चिम किनाऱ्यावरचे हे लोक 'ईस्ट इंडियन' कसे? गोव्याहून आलेल्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या जुन्या चाकरांना सरकारला दाखवायचं होतं. म्हणून 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या साली, त्यांनी हे नाव घेतलं. घरात बोलतात मात्र मराठीच, त्यांच्या ढंगाची. लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा खिडकीत कॅमेरा खुपसू नका.

तिथून जवळच नवाब टँक रोडला चिनी देऊळ आहे, 1919 सालचं. गोदीत आणि जहाजांवर काम करणाऱ्या चिन्यांनी बांधलेलं. मुंबईत जन्म काढलेल्यांनाही ते ठाऊक नसतं. मलाही तिशीनंतर कळलं.

पाय दुखत नसतील तर पुन्हा गाडी पकडून शिवडी. वाटेत कॉटन ग्रीन लागेल. कापसाचा बाजार आधी फोर्टात टाउन हॉलसमोरच्या हिरवळीवर भरायचा, मग कुलाब्याला गेला, शेवटी इथे आला. हिरवळ केव्हाच संपली, नाव तेवढं बाजाराबरोबर फिरलं. शिवडीचा किल्ला छोटासाच, अर्ध्या तासात होतो. थंडीत गेलात तर खाली चिखलात रोहित पक्षी दिसतील, आता वरून अटल सेतू गेलाय तरीही. फक्त निघायच्या आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. भर भरतीला पोहोचलात तर चिखल पाण्याखाली, आणि पक्षी कुठेतरी भलतीकडेच.